पंचवीस अक्षरांची जागा

कनेरगाव नाक्यावर भीमराज पाईकरावांना सगळे टायपिस्ट काका म्हणतात. एका सरकारी कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं टायपिंग केलं. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक आणि एक प्रिंटर मांडला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर ते टाइप करून देतात. वाशिमकडे जाणारे ट्रक दारावरून जातात तेव्हा टेबल थोडं हलतं.

दोन गोष्टींचा त्यांना अभिमान होता. एक, टाइप करताना त्यांची नजर कळफलकावर जात नसे आणि पडद्यावरही जात नसे. ती समोरच्या कागदावर असायची. साहेब तोंडी सांगत असले तर साहेबांच्या तोंडाकडे. हिंगोलीच्या इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले तेव्हा खाली बघणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसत असे. चुकलं तर मागं जायचं नाही, पान पुरं करायचं, मग दुरुस्ती, हेही तिथलंच.

दुसरी गोष्ट अशी की टाइप केलेलं त्यांना आठवत नसे. शब्द कानातून आला की बोटांतून निघून जायचा. बदल्या, चौकशा, गोपनीय अहवाल असं बरंच त्यांच्या हातून गेलं. बाहेर कुणी खोदून विचारलं तर ते "माहीत न्हाई" म्हणत आणि ते खरं असे.

टाइपरायटरवर या दोन्ही सवयी चालून गेल्या. संगणकावर अडचण खिडक्यांची होती. कागद एकदा रुळावर चढवला की तो काढेपर्यंत दुसरा कागद आपणहून येऊन बसत नाही. संगणकात मात्र काम चालू असताना मधेच एखादी चौकट पुढं येते आणि तेवढ्यापुरतं सगळं टाइप केलेलं तिच्यात जातं. शाई संपत आली. नवीन आवृत्ती आली. हे हवं का, ते हवं का. काकांचं लक्ष कागदावर. अर्धं प्रतिज्ञापत्र झाल्यावर वर बघावं तर पानावर दोनच ओळी, बाकी मजकूर कुठंच नाही.

संगणक दुरुस्त करणारा जगन हिंगोलीहून यायचा. त्याच्याशी त्यांचा हा वाद जुना होता.

"काका, विंडो पुढं येतीच. तिला हटवायचं अन् कामाला लागायचं."

"पण न विचारता काहून येती? साहेब बोलून राहिले अन् शिपाई मधात येऊन टेबलावर बसला, असं चालंल का?"

"तुमी स्क्रीनकडं बघत टाइप करा ना."

"तसं तर तुलाबी येतं."

जगन हसला. काकांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, चहा आणला होता. त्यांचा आवाज तेव्हा नुकताच बसायला लागला होता. "त्यायला काही सांगू नको बाबा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडंबी न बघता हो म्हनले होते."

आवाज बसला तो सर्दीचा नव्हता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तपासण्या झाल्या आणि मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशन सोमवारी होतं. जीव वाचेल अशी आशा होती. आवाज राहणार नव्हता.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर सोजराबाई पुढच्या खोलीत येऊन बसल्या.

"शीतलला एक चिठ्ठी लिहायची हाय."

शीतल त्यांची एकुलती मुलगी. नाशिकला शाळेत शिकवते. गेली सहा वर्षं ती माहेरी आली की दोन दिवसांत परत जायची. आईशी बोलायची, पण जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. त्यामागं काय होतं ते भीमराजांनी कधी विचारलं नव्हतं. दोघी सांगतील तेव्हा सांगतील, असं ते म्हणत.

"फोनच लाव ना तिला," ते म्हणाले.

"तोंडावर न्हाई जमत."

"मग मोबाईलात बोल. भरून ठेवतो."

"ह्या आवाजात?" सोजराबाईंनी मान हलवली. "हा आवाज तिच्या कानात ऱ्हाऊ नये. कागदावर माणसाचा आवाज चांगलाच असतो. अन् तुमी टाइप करा, म्हंजे तुमच्या ध्यानातबी ऱ्हाणार न्हाई. तिचं अन् माझं हाय ते."

त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. सही करायच्या, एसटीच्या पाट्या वाचायच्या. एवढं मोठं लिहिणं त्यांच्या हातून झालं नसतं.

भीमराजांनी पान उघडलं. वर तारीख घातली. मग संगणकाचे स्पीकर काढून ठेवले, कारण बारीकसारीक आवाजांनीही सोजराबाईंचं डोकं दुखायचं. खुर्ची त्यांच्याकडं थोडी वळवली आणि हात कळफलकावर ठेवले.

"मी एकदाच सांगीन," त्या म्हणाल्या. "मधात बोलू नका."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या बोलल्या. आवाज फाटत होता, कुठं कुठं नुसती हवाच यायची, तिथं त्या पुन्हा तोच शब्द घ्यायच्या. भीमराज त्यांच्या तोंडाकडं बघत टाइप करत राहिले. एकदाही मागं गेले नाहीत. परिच्छेद संपला असं वाटलं की एंटर दाबत. तीन वाजून दोन मिनिटांनी सोजराबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "बस. आई म्हनून लिहा खाली."

त्यांनी लिहिलं आणि वर बघितलं.

पडद्याच्या मधोमध एक चौकट होती. व्हायरस रोखणाऱ्या कुठल्याशा सॉफ्टवेअरची मुदत संपली होती आणि चौकट नवीन चावी मागत होती. चावीसाठी एक लांब रकाना होता, पंचवीस अक्षरांचा. तो इंग्रजी अक्षरांनी आणि खुणांनी भरला होता. त्याखाली तांबड्या रंगात लिहिलं होतं की ही चावी चुकीची आहे, पुन्हा प्रयत्न करा. चौकटीच्या मागं त्यांचं पान दिसत होतं. पानावर तारीख होती.

चौकट नेमकी तारखेनंतर आली होती. बावन्न मिनिटांतली पहिली पंचवीस अक्षरं तिनं ठेवून घेतली आणि पुढचं एकही घेतलं नाही. नाही म्हणताना ती प्रत्येक वेळी वाजली असणार. स्पीकर टेबलाखाली होते.

"झालं ना बराबर?" सोजराबाईंनी विचारलं.

त्यांचा चेहरा घामानं ओला होता. गळ्याशी रुमाल धरला होता आणि रुमालावर थोडं रक्त होतं.

"व्हय," भीमराज म्हणाले.

"किती पानं?"

"चार."

"वाचून दाखवू नका. ठिवा जपून. मी गेले तर द्या. न्हाई गेले तर मीच दीन."

त्या आत जाऊन आडव्या झाल्या. भीमराजांनी चौकट बंद करण्याआधी त्यातली पंचवीस अक्षरं आणि खुणा एका कागदावर उतरवून घेतल्या. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं बाहेर असंच दिसतं, इंग्रजी खिचडीसारखं. ती खिचडी त्यांनी मराठी पानावर जशीच्या तशी पुन्हा टाइप केली. पानावर आलं: शीतल, तुला मी त्या दिवशी

एवढंच. क्रियापद पुढं होतं.

ते आठवायला बसले. बावन्न मिनिटं समोर बसून ऐकलेलं. एक वाक्य आलं नाही. सोजराबाईंच्या भुवया आठवल्या, ओठ आठवले, शब्द आला नाही. कळफलकावर हात ठेवून डोळे मिटले, बोटांना काही आठवतंय का ते बघायला. बोटं 'दिवशी'पर्यंत गेली आणि थांबली.

रविवारी सकाळी ते त्यांच्या खाटेजवळ बसले. म्हणणार होते, पुन्हा एकदा सांग. सोजराबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "हलकं वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. त्या वाक्याला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. भीमराजांनी विचारलं नाही. दुपारी दवाखान्यात न्यायला गाडी आली.

ऑपरेशननंतर अकरा दिवस त्या होत्या. शीतल आली, रोज उशाशी बसली, आईचे केस विंचरले. आठव्या दिवशी शीतल औषध आणायला खाली गेली असताना सोजराबाईंनी भीमराजांना खूण केली. दोन्ही हातांची बोटं चादरीवर टाइप केल्यासारखी हलवली, मग दाराकडं बोट दाखवलं, जिकडं शीतल गेली होती तिकडं. मग तळहात छातीशी धरला. आहे ना, जपून?

भीमराजांनी मान हलवली. चादरीवरची त्यांची बोटं धरून ठेवली.

जंतुसंसर्ग झाला आणि अकराव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले. शीतलची गाडी दुसऱ्या दिवशी होती. दुपारी ती पुढच्या खोलीत आली तेव्हा भीमराज संगणकासमोर बसले होते. संगणक बंद होता. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिला दिला.

तिनं वाचला. मागची बाजू बघितली.

"पुढचं?"

त्यांनी सगळं सांगितलं, वेळेसकट. दोन दहा, तीन दोन, पंचवीस अक्षरं.

"पुन्हा विचारलं नाही तिला?"

"न्हाई."

"तिला चार पानं म्हणालात."

"व्हय."

बाहेर ट्रक गेला, टेबल हललं.

"त्या दिवशी म्हणजे कोणत्या, बाबा?"

"मला कसं ठावं असंल? तुमचं तुमाला."

"मला तीन दिवस आठवतात," ती म्हणाली. "तिन्हीत तिनं काहीतरी केलं होतं. मारलं एकदा. एकदा खोटं बोलली. एकदा काहीच केलं नाही, नुसती उभी होती दारात. ह्यातला कोणता?"

भीमराजांनी हातावर हात ठेवला. "सा वर्षं झाली काय त्याला?"

"एकाला सहा झाली."

मग ती रडली. आवाज न करता, कागद ओला होऊ नये म्हणून तो लांब धरून. भीमराज उठले नाहीत. उठून काय करावं ते त्यांना कळलं नाही.

"तुम्ही होतात ना समोर," ती शेवटी म्हणाली. "पूर्ण वेळ. एक शब्द तरी..."

"शब्द न्हाई राहिला. मी तिच्या तोंडाकडं बघून राहिलो होतो."

"मग तोंड सांगा."

"काय?"

"तोंड कसं होतं ते सांगा. पहिल्यापासून." तिनं संगणक चालू केला, त्यांना बाजूला सरकवून खुर्ची ओढली. "सुरुवातीला?"

भीमराज खिडकीकडं वळले. मग सांगू लागले, साहेब सांगत तसं, थांबत थांबत. सुरुवातीला मान खाली होती. नाव घेतल्यावर वर केली. मग डाव्या हाताची बांगडी फिरवत होती, बराच वेळ. शीतल दोन बोटांनी टाइप करत होती, एकेक अक्षर शोधत, पडद्यावरून नजर न काढता.

"मग एकदा हसली," भीमराज म्हणाले.

"हसली?"

"जरासं. शेवटाकडं न्हाई, मधातच. अन् मग..."

"थांबा बाबा."

पडद्यावर एक चौकट आली होती. शीतलनं ती बंद केली. मागचं पान वर आलं, शेवटची ओळ जागेवर आहे ना ते तिनं बोट ठेवून बघितलं.

"हं. हसली. मग?"

"मग पाणी मागितलं," भीमराज म्हणाले. "मी उठलो न्हाई. टाइप चालू होतं."