मुके ओठ

भर दुपारी ताईच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढलेले, सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. रिकाम्या चॅनेलवरच्या मुंग्यांतून हळूहळू एक मिशीवाला चेहरा उमटला. रंग नाही, आवाज नाही. नुसते ओठ हलत होते.

"आले! हेच ते!" ताईनं हात जोडले. तिचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते.

"काया गेली, रंग गेला! कंठ गेला, आवाज गेला!" टीव्हीशेजारी बसलेले गुरुजी गरजले. "मृतांचे ओठ वाचण्याची विद्या फक्त माझ्याकडे! ते म्हणताहेत, गोळ्या बंदच ठेव. औषधाच्या वासानं मला जवळ येता येत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीनं ताईच्या पावलांकडे पाहिलं. ती का सुजली होती, ते तिला आत्ता उमगलं. हृदयाच्या गोळ्या तिनं सोडल्या होत्या!

धाकटीचा धंदाच टीव्हीदुरुस्तीचा. "भावोजी बोलतातच आहेत, तर ऐकूया की," म्हणत तिनं संचाचं मागचं झाकण उघडलं.

"हात लावू नकोस! कोप होईल!"

"झाला तर माझ्यावर होईल."

आतली एक इवलीशी कॉइल तिनं प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं हळूच फिरवली. खरखर झाली, आणि भलत्याच भाषेत खणखणीत आवाज आला. मग जहाजावर उमेदीची वर्षं काढलेला शेजारचा म्हातारा खानसामा खो खो हसत सुटला. "अहो, हा बटाटे उकडायला सांगतोय! सालं काढू नका म्हणतोय!"

"उन्हाळ्यात आकाशातला एक थर कधीकधी आरशासारखा वागतो," धाकटी म्हणाली. "परदेशातलं प्रक्षेपण त्यावरून परतून इथं उतरतं. त्यांची रंगाची पद्धत वेगळी, म्हणून चित्र काळंपांढरं. त्यांच्या आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून वेगळ्या अंतरावर असते, आपल्या संचाला ती सापडत नाही; कॉइल फिरवून मी ती गाठली. यात मेलेलं कुणी नाही."

गुरुजी एव्हाना चपला शोधत होते.

ताई मात्र हलली नाही. "आवाज बंद कर," ती पुटपुटली. "मला ते तसेच दिसू देत."

धाकटीनं संचच बंद केला आणि तिला दवाखान्यात नेलं. तीन दिवस ताई तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "एकदा मरणानं नेलं, दुसऱ्यांदा तू त्यांना माझ्यापासून नेलंस."

"त्यांना नाही गं. तुला कुणी नेऊ नये म्हणून केलं."

ताईनं तोंड फिरवलं. दवाखान्यात भेटायला आलेले शेजारी खाली मान घालून उभे होते. धाकटी त्यांच्याकडे वळली.

"पडद्यावर काय दिसतं ते जरूर बघा. पण त्याचा अर्थ सांगून कुणी औषध सोडायला लावलं, तर एवढंच विचारा: तुला हे कसं कळलं? आणि उत्तर पटेपर्यंत गोळी चुकवू नका."