मागचे वजन

तिच्या नवऱ्याने पिशवीतून मातीचे ढेकूळ काढले आणि अवजारांच्या दुकानदारापुढे टेबलावर ठेवले. दुकानदाराने ते नखाने कोरून पाहिले, मग पान्याचा एक टोला दिला. ढेकळाचा साधा टवकाही उडाला नाही.

"दादा, ही माती आहे की विटेची थोरली बहीण?"

नवरा हसला नाही. ती मात्र सवयीने हसली. हा माणूस चारचौघांत गप्प बसला की त्याच्या वाटणीचे हसूही तिलाच हसावे लागे.

लिंबाच्या नव्या बागेत रानडुकरे शिरून रोपे उकरत होती. कुंपणाचे सिमेंटचे खांब बांधाला येऊन पडले होते, आणि खड्डे पाडणाऱ्या जुन्या यंत्राने नेमका आताच जीव टाकला होता. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले त्याचे पिळाचे पाते एरवी सरळ जमिनीत उतरायचे. पण ही चिकणमाती वाळली की ते वरच्या वर गरगरत बसे. मग ती मागच्या लोखंडी दांड्यावर चढून उभी राही. तिच्या भाराने पाते आत घुसे. लग्न झाल्यापासून हे असेच चालले होते. बायकोच्या शब्दाला लोकांच्या घरात वजन असते, आमच्याकडे तर शेतातही आहे, असे तो पाहुण्यांना सांगायचा.

अलीकडे त्या हादऱ्यांनी तिचे गुडघे सुजायला लागले होते. शहरात तिच्या धाकट्या बहिणीचे शिवणकाम जोरात होते; ये, इथेच राहा, असा तिने लकडा लावला होता. तुझ्या भावोजींचे माझ्यावाचून अडते गं, असे म्हणून ती वेळ मारून नेई. ते खरेही होते, आणि सोयीचेही. पण मध्ये एकदा उघड्या राहिलेल्या नळावरून भांडण पेटले. बोलता बोलता तोल गेला आणि ती म्हणून बसली, की मी नसते तर तुमचा एक खड्डा पडला नसता, जातेच आता बहिणीकडे, कायमची. तो अर्ध्या जेवणावरून उठला होता. तेव्हापासून घरात कामापुरते बोलणे उरले होते.

दुकानदाराने आधी साधे यंत्र दाखवले. ते गोदामात तयार होते. चिकणमातीला सपाट पात्यापेक्षा टोकदार दातांचे बरे, असे तो सांगत होता. पाते अडकले तर हा बोल्ट आपसूक तुटतो आणि यंत्र वाचते, हेही त्याने हात लावून दाखवले. नवऱ्याने सगळे ऐकून घेतले.

"मागं कुणी उभं राहावं लागतं का?"

दुकानदार चपापला. कुणी उभे राहायचेच नसते, कपडा गुंतला तर माणूस हाती लागत नाही, असे तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, की तुमच्यासारख्या मातीत लोक राहतात उभे, काय करणार. नवऱ्याने मान खाली घातली. ती उगाच बोटाने टेबलावरची धूळ पुसत राहिली.

दुसरे यंत्र नुसते चित्रात होते. त्याला हायड्रॉलिकचा दाब होता. तो दाबच पाते खाली रेटत जाई.

"म्हणजे एकटा माणूस सगळं करू शकतो?"

"एकटा. सीटवरून उठायचंही काम नाही."

"मग हेच."

कितीतरी दिवस जाण्याच्या आड येणारी एकच गोष्ट तिने धरून ठेवली होती, आणि ती तो दोन शब्दांत मोडीत काढत होता. सुटका झाल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले मात्र आपण बसलेल्या खुर्चीवरून कुणी उठवल्यासारखे.

"साधं आजच मिळतंय ना?" ती म्हणाली. "डुकरं थांबणार आहेत का?"

"नको. त्याला तू लागशील."

तो हे हळू बोलला, आणि तिच्याकडे न बघता. तिला त्याचा अर्थ लावता येईना.

दाबाचे यंत्र कंपनीतून मागवावे लागेल, महिना तरी धरा, असे दुकानदाराने सांगितले. तोवर कुंपणाचे काय करणार, असे त्याने विचारले. नेहमीप्रमाणे उत्तर तिनेच दिले.

"पहारीने खणू. तोवर मी आहे."

बोलून झाल्यावर तो 'तोवर' तिच्याच कानांवर आदळला. मागे घेता येण्याजोगा नव्हता.

दुकानदाराने फोन उचलला. कंपनीत ओळख आहे, लावतो नेट, महिन्याचे पंधरा दिवस करून घेतो, म्हणाला. नवऱ्याने एकवार तिच्याकडे पाहिले आणि पुढे वाकून दुकानदाराच्या हाताला हात लावला.

"राहू द्या. घाई नाही."

"अहो, पण ती डुकरं..."

"कडक आहे अजून माती," तो म्हणाला. "भिजू दे जरा."

दुकानदाराने खांदे उडवले आणि फोन ठेवला. ती उठली. दाराशी भिंतीला पहारी टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली एक तिने दोन्ही हातांनी तोलून पाहिली, जड वाटली म्हणून परत ठेवली आणि तिच्याहून हलकी बाजूला काढली. मग वळून ती जड पहारही हलकीशेजारी आणून ठेवली.

"या दोन द्या," ती दुकानदाराला म्हणाली.