ज्या दिवशी मी दीपमालाला ओळखले नाही

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आता जिन्याखाली पडून असलेला मी एक जुना सर्व्हर आहे. माझे काम होते ओळख पटवण्याचे. लॅबमधल्या प्रत्येकाचे नाव, पासवर्ड आणि कोणी काय उघडायचे याची परवानगी माझ्यापाशी असे. रुग्णांचे रिपोर्ट शेजारच्या कॉम्प्युटरवर होते, पण मला विचारल्याशिवाय तो कुणालाही आत घेत नसे.

पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्या दिवसांत बुधवार पेठेतल्या दुकानात अल्ताफ यांनी मला जोडले. लॅबचे मालक डॉ. दिग्विजय आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. पंख्यात धूळ साचली. मी घरघरू लागलो, तर कुणीतरी माझ्या खोलीचे दार लावून घेतले.

माझ्याजवळच्या नोंदींची एक प्रत रोज टेपवर उतरत असे. वर्षानुवर्षे तीच टेप. देखभालीला आले की अल्ताफ सांगत, "सर, एकदा या टेपवरून सगळं परत आणून बघू या. अर्धा दिवस लॅब बंद ठेवावी लागेल."

"टेप रोज भरतेय ना?"

"भरतेय. पण परत येतं का, ते कुणी पाहिलंय?"

"म्हणजे चांगलं चाललेलं बिघडवून बघायचं? छान!" डॉक्टर म्हणत, आणि विषय तिथेच संपे.

महाशिवरात्रीच्या सुमारास एका सकाळी माझी डिस्क गेली. लॅबमधला एकही कॉम्प्युटर कुणाला आत घेईना. त्याच वेळी उत्तरेश्वर नावाचे गृहस्थ काउंटरवर आले. त्यांच्या पत्नीचे ऑपरेशन त्याच दिवशी होते आणि गाठीचा तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय सर्जन पुढे जायला तयार नव्हते. अहवाल आदल्या दिवशी तयार झाला होता. फक्त छापायचा राहिला होता.

"पाच मिनिटं बसा हं," काउंटरवरची दीपमाला म्हणाली. ती नुकतीच कामाला लागली होती.

अल्ताफ नवी डिस्क घेऊन धावत आले. त्यांनी टेप लावली. टेप फिरली, करकरली आणि थांबली. रोज घासून घासून ती झिजली होती. तिच्यावरचे काहीच वाचता येईना. मित्रांनो, माझी किती चिडचिड झाली म्हणून सांगू! रोज ज्या टेपवर मी सगळे सोपवत होतो, तिच्यात काही उरलेच नव्हते.

"दुसरी टेप?" डॉक्टरांनी विचारले.

"संक्रांतीला एक भरून तुमच्या घरी ठेवायला दिली होती. आहे का?"

ती डॉक्टरांच्या कपाटात सापडली. तिच्यावरून माझ्या नोंदी एकेक करून परत आल्या. पण त्या जुन्या होत्या, म्हणून इतर कॉम्प्युटर मला ओळखेनात. त्यांच्याशी माझी ओळख पुन्हा करून द्यावी लागली. दुपार टळली. उत्तरेश्वर बाकावरून उठले.

"डॉक्टर, मशीन बंद पडलं, समजलं. पण माझी बायको सकाळपासून उपाशी झोपून आहे. तिला मी काय सांगू?"



शेवटी मी सुरू झालो. दीपमालाने घाईघाईने आपले नाव टाकले. मी सांगितले, या नावाचे कुणी नाही. तिने पुन्हा टाकले. मी पुन्हा तेच सांगितले. ती संक्रांतीनंतर आली होती. मी तिला ओळखणार कसा?

"मी इथेच तर उभी आहे!" ती रडवेली होऊन म्हणाली.

डॉक्टरांनी स्वतःच्या नावाने अहवाल छापून दिला. उत्तरेश्वर तो घेऊन पळत गेले. पण तोवर सर्जन निघून गेले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले. ते नीट पार पडले, तरी त्या बाईंचा एक दिवस उपासात आणि धास्तीत गेला, तो गेलाच.

संध्याकाळी दीपमालाची नोंद नव्याने करताना अल्ताफ थबकले. "सर, यात हिंमतराव आहेत."

हिंमतराव लॅबचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. जानेवारीच्या अखेरीस ते वारले होते आणि तेव्हा त्यांचे नाव काढले होते. आता मी त्यांना पुन्हा हजर केले होते.

"काढू का?"

"थांबा," डॉक्टर म्हणाले. खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले.  मग ते नाव त्यांनी स्वतःच काढले.

मित्रांनो, मला आता विश्रांती मिळाली आहे, पण त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. एखादी गोष्ट जपून ठेवली म्हणून निर्धास्त राहू नका. ती हाती परत येते का, हे सगळे सुरळीत चालू असतानाच एकदा बघा. त्यासाठी अर्धा दिवस काम थांबले तर थांबू द्या. नाहीतर बाहेर बाकावर कुणीतरी उपाशी माणसाची काळजी करत बसलेले असेल, आणि त्याला "पाच मिनिटं बसा" यापलीकडे काही सांगता येणार नाही.