आठ सेकंदांचं कारण

नुसती सही करायची होती, पण सुग्रीव सकाळपासून ती पुढं ढकलत होता. गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यावरची ही १९९३ सालची गोष्ट. बॉयलरवर नजर ठेवायला तिथं एक कॉम्प्युटर बसवलेला होता, आणि त्याची देखभाल सुग्रीवकडं. त्यातल्या बाकीच्या प्रोग्रॅमना कुणीही हात लावावा. पण सगळ्यांना चालवणारा जो मुळातला गाभा, साहेब लोक ज्याला कर्नल म्हणायचे, त्यात काही बदलायचं तर सुग्रीवची सही लागे. मान कसला, गळ्यातली धोंडच ती! गाभा लिहिला होता व्यंकटरावांनी, आणि ते दोन वर्षांमागं वारले होते.

गाभा नीट करायला पुण्याहून आलेले भगवानराव माणूस सरळ. त्यांनी गाभ्यात एकतीस बारीक बदल केले होते. काम होतं तेच राहील, नुसता सारखेपणा येईल, असं त्यांचं म्हणणं. कुठं एकाच गोष्टीला दोन नावं, कुठं ओळी पुढंमागं. नीट लावलं की उद्या वाचणाऱ्याचं डोकं फिरणार नाही. सुग्रीवला तीस बदल पटले. अकराव्यावर मात्र बोट अडकलं. पाणी, वाफ यांची कुठली खूण दिसेनाशी झाली की मशीननं पाच सेकंद थांबायचं आणि मग हालचाल करायची, असं चौदा ठिकाणी होतं. एकाच ठिकाणी आठ. भगवानरावांनी तिथंही पाच केले होते. ओळीओळीला कारण लिहिणारे व्यंकटराव नेमके इथंच मुकाट होते.

ती जागा होती बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेची. दर पाळीला ती काच धुवावी लागे. फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारा, चावी फिरवून काच रिकामी करी आणि चावी परत फिरवून भरी. तेवढा वेळ मशीनला पाणी दिसत नसे. वेळ उलटली की पाणीच संपलं असं समजून ते मोठा पंप सोडी आणि धक्का काचेला बसे. काच फुटली तर उकळतं पाणी सरळ तोंडावर. आणि काचेसमोर उभा राहायचा आश्रुबा, सुग्रीवचा बाप.

सफाईसाठी बॉयलर थंड होता, दुपारी पेटणार होता. सुग्रीव लोखंडी जिना चढून वर गेला आणि काच धुतात तसं करून दाखवा म्हणाला. आश्रुबानं थंड चावी फिरवून काच उघडी केली आणि परत फिरवायला धरली. खळ्यावर धान्य मापतात तसं एकाला लाभ म्हणून मोजायची त्याची सवय. लाभ, दोन, तीन. सुग्रीवचे डोळे घड्याळावर. पाच झाले तरी चावी जागची हलेना. त्यानं बापाच्या हाताकडं बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं वळतच नव्हती. सातव्याला कशीबशी चावी फिरली. आई बापाला भाकरी चुरून देते ती दातांमुळं, असं या शहाण्याला इतके दिवस वाटत होतं.

"व्यंकटरावाला ठावं होतं," आश्रुबा खाली बघत म्हणाला. "त्यानंच मशीनला तीन जास्ती द्यायला लावले. लिवून ठिवलं तर मला घरी बसवत्याल म्हणला. तुला बी सांगितलं न्हाई. तू सही करणारा, तुला कशाला खोट्यात वढायचं?"

सुग्रीव जिना उतरून खाली आला. कारण सांगावं तर बापाची नोकरी जाते, अन् न सांगावं तर गाभ्यात आठाचे पाच होतात आणि काच बापाच्या तोंडावर फुटते.

अकरावा का अडकला, याचं कारण भगवानरावांनी शांतपणे विचारलं. सुग्रीवनं कागदावर तीस ठिकाणी सही केली आणि अकराव्यापुढं फुली मारली.

"कारण मला सांगता यायचं न्हाई, साहेब. आठाचे पाच झाले तर माझी सही न्हाई."

ज्याचं कारण सांगता येत नाही असं काही गाभ्यात ठेवू नये, एवढंच भगवानराव म्हणाले. रागावले नाहीत. आठ तसेच ठेवून चारच्या एसटीनं निघून गेले. रागावले असते तर बरं, असं सुग्रीवला वाटलं. कारण माणूस खरं बोलला होता.

संध्याकाळच्या पाळीला वाफ चढली. आश्रुबा काच धुवायला उभा राहिला आणि सुग्रीव घड्याळ घेऊन त्याच्या मागं. लाभ, दोन, तीन. परत फिरवताना तापलेली चावी थंड चावीपेक्षा जड चालत होती. सहा. सात. हात पुढं करावा तर बाप बिचकणार, न करावा तर... आश्रुबाच्या तोंडून आठ निघता निघता चावी फिरली. काचेत पाणी चढलं. मशीन गप्प राहिलं.

"बघ, झालं का न्हाई?" आश्रुबा हसला.

सुग्रीवला हसू आलं नाही. व्यंकटरावांनी दिलेले तिन्ही जास्तीचे सेकंद आज खर्ची पडले होते आणि पुढच्या थंडीत ही बोटं आणखी आखडणार होती. मशीनमध्ये नऊ करायला त्याच्याकडंही सांगण्यासारखं कारण नव्हतं. त्यानं चावीवरचा बापाचा हात हळूच सोडवला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला.

"आबा," तो म्हणाला, "उद्या काम सोडायचा तुमचा अर्ज मीच लिवतो. तुमी फकस्त सही करा."

आश्रुबानं हात सोडवून घेतला नाही. त्यानं विचारलं, सही कुठल्या हातानं करू?