कुरोमिनेसाहेबांचे पांढरे हातमोजे

चारकोपच्या एका सोसायटीत गुणाजी परब अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का खुद्द गुणाजींनाच बसला. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर पुस्तकं लावलेल्या या माणसाला लिफ्टमध्ये कुणी 'काय काका' म्हटलं तरी घाम फुटायचा. पण तळमजल्यावरची खोली त्यांना वाचनालयासाठी हवी होती आणि अध्यक्ष चंद्रप्रकाश राणे तिथून आपला कॅरम हलवायला तयार नव्हते.

हिंमत आली ती जपानहून. लेक दीप्तीनं तिकडून येताना कुरोमिने नावाच्या गव्हर्नरचं इंग्रजी चरित्र आणलं होतं. हा गृहस्थ निवडणुकीत दोनदा सपाटून आपटला, तिसऱ्यांदा प्रांताचा गव्हर्नर झाला, बारा वर्षं टिकला आणि मग थेट टोकियोच्या संसदेत जाऊन मंत्री. भाषण त्याला जमायचं नाही. तो रोज सकाळी पांढरे हातमोजे आणि खांद्यावरून नावाचा पट्टा घालून नाक्यावर उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे कमरेत वाकायचा. बस्स.

'न बोलता मंत्री! एवढं आपल्यालाही जमेल,' गुणाजींना वाटलं.

पुस्तकासोबत बिनडोळ्यांची एक लाल गोल बाहुलीही आली होती. संकल्प सोडताना एक डोळा रंगवायचा, जिंकल्यावर दुसरा, अशी तिकडची रीत. गुणाजींनी एक रंगवून ती कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते हातमोजे, पट्टा घालून गेटवर हजर. पहिली आली तिसऱ्या मजल्यावरची कार्मेन. गुणाजी वाकले.

"अय्या, परबकाका, वॉचमनचं काम धरलं? बरं झालं बाबा, तो जुना नुसता झोपायचा. माझं पार्सल येईल अकराला, घेऊन ठेवा ना!"

गुणाजींना म्हणायचं होतं, 'मी उमेदवार आहे.' तोंडातून निघालं, "ठेवतो."

आठवड्याभरात त्यांच्यापाशी सतरा पार्सलं, चार घरांच्या किल्ल्या आणि गावी गेलेल्या कुणाची तुळस जमा झाली. खुद्द चंद्रप्रकाश म्हणाले, "गुणाजी, माझा मिक्सर येतोय, जरा बघ रे!" गुणाजी त्यांच्यापुढेही वाकले.

मतदानाच्या सकाळी त्यांनी कपाटाकडे पाहिलं. बाहुलीला दोन डोळे होते. दुसरा बायकोच्या काजळाचा.

"शेवंती! हे काय केलंस?"

"एका डोळ्यानं टकामका बघत होती मेली. तुमचं काम नेहमीच अर्धवट. मी पुरं केलं."

"अगं, तो जिंकल्यावर रंगवायचा! वाट लागली आता!"

"पडायचेच असाल तर काजळाशिवायही पडाल," शेवंतीबाई म्हणाल्या.

पडले. एकेचाळीस विरुद्ध एक. ते एक त्यांचं स्वतःचं.

"काका, राग नका मानू हां," कार्मेन म्हणाली. "पण तुम्ही चेअरमन झालात तर गेटवर कोण उभं राहणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चंद्रप्रकाश उठले. "ते खरं, पण माझा मिक्सर दोन दिवस उन्हात पडलाय. पार्सलांना जागा पाहिजे. तळमजल्याची खोली गुणाजीला देऊ या. कॅरम नेतो मी गच्चीवर."

ठराव एकमतानं पास झाला. गुणाजी वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

आता त्या खोलीत वरच्या फळीवर पार्सलं असतात आणि खालच्या चार फळ्यांवर पुस्तकं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बाहुली दारात बसते. पार्सल न्यायला येईल त्याच्या हातात गुणाजी वाकून एक पुस्तकही ठेवतात. वाकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे चारकोपात अजून कुणाला सुचलेलं नाही.

मिक्सरबरोबर चंद्रप्रकाशांना गव्हर्नरचं चरित्र मिळालं. चार दिवसांनी ते दारातून डोकावले.

"गुणाजी, दुसऱ्यांदा पडलाय रे तो. पुढचं सांगू नकोस हां!"