आधी चेंडूला

धाकट्याने तुरटीचा खडा आरशाखालच्या फळीवर ठेवला आणि दाढीचा ब्रश त्याच्यापासून दोन बोटं लांब आडवा केला. खडा म्हणजे चेंडू, ब्रश म्हणजे आडवा आलेला पाय आणि पावडरचा डबा म्हणजे कालच्या फुटबॉल मॅचमधला तो बिचारा विंगर. डबा कडेकडेने पुढे आला, ब्रश घसरत गेला आणि डब्याच्या बुडाशी आदळला. डबा कलंडला. थोडी पावडर सांडली.

"अगदी अस्संच," प्लंबर म्हणाला. "डब्याला गुडघा नाही म्हणून वाचला, एवढंच."

"आणि रेफरीने काय दिलं? पिवळं कार्ड." मास्तरांनी गळ्याभोवतीच्या कापडातून हात बाहेर काढला. ते शाळेत भूगोल शिकवत आणि अर्धी दाढी झालेली असतानाही शिकवल्यासारखंच बोलत. "स्ट्रेचरवर माणूस चाललाय, त्याचा पाय उत्तरेला, तो स्वतः दक्षिणेला, आणि हा पिवळं काढतोय."

धाकट्याच्या सलूनमध्ये दर रविवारी सकाळी आदल्या दिवसाच्या मॅचचा फेरनिकाल लागत असे. मैदानावरच्या रेफरीला घाई असते, कानाशी हजारो माणसं ओरडत असतात. सलूनला घाई नव्हती. नियम एकच होता: निकाल एकमताने. एक जरी माणूस आडवा गेला, तर निकाल राखून ठेवायचा. आणि एक माणूस दर रविवारी न चुकता आडवा जायचा. त्यामुळे सव्वीस वर्षांत त्या फळीवरून एकाही खेळाडूला लाल कार्ड मिळालं नव्हतं. एवढं सभ्य फुटबॉल जगात दुसरीकडे कुठे खेळलं गेलं नसेल.

तो माणूस म्हणजे दादा, धाकट्याचा थोरला भाऊ.

दादा समोरच्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. रविवारी दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, डावा पाय सरळ पुढे सोडून, कारण तो गुडघ्यात वाकत नसे. सलूनमध्ये येणारा प्रत्येक जण तो पाय ओलांडून आत यायचा. आणि टॅकल कितीही भयानक असू दे, दादा ऐकून घ्यायचा, फळीपाशी लंगडत यायचा, तुरटीचा खडा अंगठ्याने हळूच ब्रशकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "आधी चेंडूला लागलाय."

"अरे, खडा सरकवलास तू," सगळे ओरडायचे.

"तो तिथेच होता."

"चष्म्याच्या दुकानात बसतोस आणि तुला दिसत नाही?"

"मलाच दिसतं. तुमचे नंबर वाढलेत. या, तपासून देतो."

एका हंगामात त्याने लीगच्या यच्चयावत रेफरींना डोळे मोफत तपासून देण्याची पत्रं धाडली होती. एकाचं उत्तरही आलं. जवळचं वाचताना त्रास होतो, असं त्याने प्रांजळपणे कळवलं होतं. दादाने त्याला चष्मा करून पाठवला आणि पुढच्याच महिन्यात त्या रेफरीने सलूनच्या लाडक्या संघाविरुद्धच पेनल्टी दिली. "बघ, आता दिसायला लागलं त्याला," दादा म्हणाला होता. त्या दिवशी प्लंबर त्याच्याशी बोलला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी भिंग घासता घासता दादाने मान टाकली. चाक तेवढं फिरत राहिलं होतं.

त्यानंतर आज सलून पहिल्यांदा उघडलं होतं. खुर्ची दाराजवळच होती. सकाळी प्लंबर आत आला तेव्हा उंबऱ्याच्या आत त्याने पाय उंच उचलला आणि मोकळी फरशी ओलांडली. मास्तरांनीही ओलांडली. धाकटा वस्तऱ्याला धार लावत राहिला, धार कधीच लागली होती तरी.

"मग मतं घ्यायची का?" प्लंबरने विचारलं. "माझं लाल."

"लाल," मास्तर म्हणाले. "वर आणि सहा महिने बंदी."

धाकट्याने ब्रशकडे पाहिलं. तुरटी जिथे होती तिथेच होती, ब्रशच्या वाटेतून चांगली दोन बोटं बाजूला. सरकवणारा अंगठा नव्हता.

हे टॅकल त्याने कालच्या आधीही पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे केलं होतं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. वस्तीत वर्षातून एकदा लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी मॅच व्हायची. दादाच्या लग्नाला आठ दिवस झाले होते, त्यामुळे जन्मात पहिल्यांदाच तो समोरच्या संघात गेला होता. पुढच्या गुरुवारी त्याला मोठ्या क्लबने चाचणीसाठी बोलावलं होतं. दादाने धाकट्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला. लोक हसले. पाच मिनिटांनी पुन्हा काढला. या वेळी नवी वहिनीही हसली. तिसऱ्यांदा दादा येताना दिसला, तेव्हा चेंडू कुठे आहे हे धाकट्याने पाहिलंच नाही. त्याने गुडघा पाहिला.

शिट्टी वाजली नाही.

दवाखान्यात भुलीतून बाहेर आल्यावर दादाने पाणी मागितलं नाही की वहिनीला हाक मारली नाही. कॉटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघून तो म्हणाला, "आधी चेंडूला लागला तुझा पाय. मी पाहिलं."

धाकट्याने हो म्हणून मान हलवली. ती एकदा हलवली ती हलवली.

सांगायचं त्याने शंभरदा ठरवलं. दर गुरुवारी सलून उघडण्याआधी दादा दाढीला यायचा. खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून पडायचा. यापेक्षा बरी वेळ नव्हती. धाकटा वस्तरा गळ्याला लावायचा आणि म्हणायचा, "दादा, त्या दिवशी..."

"बोलू नकोस," दादा फेसातून म्हणायचा. "कापेल."

ज्याच्या गळ्यावर वस्तरा आहे त्यानेच असं म्हटल्यावर पुढे काय बोलणार? शिवाय धाकट्याला वाटायचं, एवढी एकच गोष्ट हा माणूस धरून बसलाय. पाय गेला, क्लब गेला. आपल्या भावाने मुद्दाम नाही केलं, एवढं उरलंय. तेही काढून घ्यायचं?

म्हणून त्याने तोंड मिटून सव्वीस वर्षं दाढी केली.

"पोस्टमनकाका," प्लंबर म्हणाला, "तुमचं राहिलं. करा हात वर."

कोपऱ्यातल्या बाकावर पोस्टमन वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली होती. लाल कार्डाच्या बाबतीत त्याचा हात नेहमी सर्वांत आधी वर जायचा. एकदा तर थ्रो-इनवरही गेला होता. एके काळी वस्तीच्या सगळ्या मॅचना तोच रेफरी असे. त्या एका मॅचनंतर त्याच्या हाती पुन्हा कोणी शिट्टी दिली नाही. आंधळा पोस्टमन असं नाव पडलं. शेजारच्याचं पत्र आलं तरी लोक म्हणायचे, चालायचंच, त्याला समोरचा मोडलेला पाय दिसला नाही, पत्ता काय दिसणार.

आज त्याचा हात वर गेला नाही.

"दादाचं मत कोण देणार?" त्याने विचारलं.

मास्तर खाकरले. "काका, तो असता तर आधी चेंडूला म्हणाला असता. पण आता..."

"त्याला खरंच तसं दिसायचं," धाकटा म्हणाला. तो मास्तरांच्या उरलेल्या अर्ध्या गालाकडे वळला. "त्याच्यापुरतं ते खरं होतं."

पोस्टमनने वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घातली. ते पाकिटाएवढं होईपर्यंत घालत राहिला.

"धाकट्या, त्या दिवशी मी दहा पावलांवर होतो."

कोणत्या दिवशी, असं कोणी विचारलं नाही.

"शिट्टी दातात होती. फुंकर मारणार तेवढ्यात तो खालून माझ्याकडे बघून मान हलवतोय. पाय तसा पडलेला, तोंड पांढरं फटक, आणि मान हलवतोय. नको म्हणून. मला कळेना. मी आपला शिट्टी तोंडात धरून उभा." त्याने घडी खिशात ठेवली. "मग दवाखान्यात गेलो. म्हटलं, बाबा रे, फाउल होता तो. ढळढळीत. तर म्हणे, मला माहितीये काका, पाय माझाय. पण तुम्ही वाजवली असतीत तर तो फाउल झाला असता. आम्हाला एका घरात राहायचंय. त्या पोराने जेवायला बसताना माझ्याकडे बघायचं कसं?"

प्लंबर दाराबाहेर बघू लागला. समोर चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली होतं.

"म्हणजे त्याला..." धाकट्याने सुरुवात केली.

"पहिल्यापासून. एकमताचा नियम कोणी काढला? त्यानेच. म्हणाला, काका, इथे कोणालाच लाल मिळता कामा नये. एकाला मिळालं की धाकटा स्वतःचा हिशोब मांडत बसेल." पोस्टमनने चष्मा काढून पुसला. तो दादानेच करून दिला होता. "मला म्हणाला, तुमचं नाव खराब होईल. म्हटलं, होऊ दे, मी काय रेफरी म्हणून पगार घेतो?"

वस्तरा मास्तरांच्या गालाजवळ हवेत थांबला होता. मास्तर अजिबात हलले नाहीत. गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडत होत्या.

"काका," धाकटा म्हणाला, "मलाही माहीत होतं."

"काय?"

"चेंडूला लागलाच नव्हता."

पोस्टमनने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मला वाटायचं त्याला माहीत नाही," धाकटा म्हणाला. "म्हणून बोललो नाही."

"आणि त्याला वाटायचं तुला माहीत नाही," पोस्टमन म्हणाला. मग स्वतःशीच, पत्ता अपुरा असलेलं पाकीट उलटसुलट करून पाहावं तशा आवाजात, "दर रविवारी. समोरासमोर बसून."

धाकट्याने मास्तरांची दाढी पूर्ण केली. त्याने त्यांच्या गालावर पाणी मारलं, टॉवेलने टिपलं, कापड झटकलं, तसे मास्तर उठून बाकावर जाऊन बसले. मग तो फळीपाशी आला. कलंडलेला डबा त्याने उभा केला आणि सांडलेली पावडर तळहाताने गोळा केली. अंगठा तुरटीच्या खड्यावर ठेवला. सगळे पाहत राहिले. खडा सरकला नाही. त्याने अंगठा उचलला.

"लाल," तो म्हणाला.

पोस्टमनने हात वर केला, खांद्याइतकाच.

धाकट्याने ब्रश उचलला, वरच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

तेवढ्यात दारात एक नवा माणूस आला. वस्तीत नुकताच राहायला आलेला असावा. तो सरळ चालत आत आला, मध्ये काहीच नसल्यासारखा, आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसून म्हणाला, "दाढी."

धाकट्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. वाटीत साबण घेतला, पाणी घातलं आणि बोटांनीच फेस करायला लागला. फेस नीट होत नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या गालावर बोटांनी साबण चोळू लागला तसा माणूस आरशातून त्याच्याकडे बघत राहिला.

"ब्रश नाही का तुमच्याकडे?"

"आहे," धाकटा म्हणाला. "पण तो तीन मॅच बाहेर आहे."

गिऱ्हाईक हसलं. मग आरशात त्याला मागचे तिघे दिसले, आणि त्याने हसू आवरलं.

"मान मागे टाका," धाकटा म्हणाला. "आणि बोला काहीतरी. काही कापत नाही."