उसाच्या गाडीला गेलेल्या ट्यूबा

मी हंबीररावाची नाव बोलतेय. बुडायच्या आधी मी तीनदा कण्हले, पण कुणी खरं मानलं नाही. लाकूडच ते, कुरकुरायचंच, असं म्हणत हे शहाणे माझ्या काठावर शेंगा फोडत बसले होते.

अर्जुना सुतारानं जांभळाच्या फळ्या जोडून मला घडवली. उंब्रजजवळच्या डोहात हौशी लोकांना भाड्यानं फिरवायचं, एवढंच माझं काम. परवान्यात अट होती: माणसं आठ, आणि बुडत्याला धरायला चार फुगवलेल्या ट्यूबा. तपासणीला साहेब यायचे तेवढा दिवस ट्यूबा माझ्या अंगावर झुलायच्या. साहेब बोटानं दाबून बघायचे, चहा प्यायचे, जायचे. ऊसतोड लागली की त्याच ट्यूबा हंबीररावाच्या उसाच्या टायरगाडीच्या चाकांत. ऊस वाळला तर वजन घटतं. माणूस बुडाला तर ह्याचं काय घटणार होतं?

चौऱ्याहत्तर सालच्या भाऊबिजेला कृष्णात आई, बायको आणि पाव्हण्यांना घेऊन आला. तेरा जण. इलियास नावाडी म्हणाला, दोन फेऱ्या करू. हंबीररावानं त्याला डोळ्यानंच गप केलं.

कृष्णाताची आई अंबूबाई एक पाय आत टाकून थांबली. "ट्यूबा कुठं हाईत?"

"आवं मावशी, उसाच्या गाडीला हाईत. डोह हाय ह्यो, समुद्र न्हवं," हंबीरराव म्हणाला.

"मग मी न्हाई बसत. विजयमाला, तूबी उतर. बुडलीस तर धरायला काय हाय?"

सून उठली. कृष्णातनं तिला हाताला धरून बसवली. "आये, सणासुदीचं असलं तोंडातनं काढू नगंस."

अंबूबाई एकटीच उतरली.

डोहाच्या मध्यावर एका पाव्हण्यानं गंमत म्हणून सुसर दाखवली. सुसर कसली, ओंडका होता. पण सगळे बघायला एका अंगाला धावले आणि मी पालथी झाले. इलियासनं एकेकाला ओढून काठाला लावलं. विजयमालानं मला धरलं होतं. माझ्या डांबरलेल्या अंगावरून तिची बोटं निसटली. मला हात नाहीत.

साहेब यायच्या आत ट्यूबा परत माझ्या अंगावर. उसाचं पाचटसुद्धा झाडलेलं नव्हतं. तरी साहेबांनी लिहिलं, नियम पाळले होते, वारा सुटला.

आता मी काठावर पालथी पडून आहे. पुन्हा पाण्यात लोटलंत तर आधी ट्यूबा मोजा, मग बसा. पण तुम्ही कसले मोजताय.

वारा नव्हता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग बुडवली कुणी? विजयमालाच्या तेराव्याला जेवून उठताना पंगतीनं ठरवून टाकलं, आणि पहिलं बोट कृष्णातनंच दाखवलं. निघताना जिनं बुडायचं नाव काढलं, तिनंच सून खाल्ली. अंबूबाईनं.